मावशीच्या पोको एफ-वनची रेंज एका रात्रीत गेली, ती का गेली आणि परत कशी आणली

हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण अशा तऱ्हेने बिघडलेले जुने फोन मी दर दोन-चार महिन्यांनी बघतो आणि त्यातले बरेचसे "बोर्ड गेला" म्हणून कपाटात जातात, खरं तर बोर्डाला काहीच झालेलं नसतं.

मावशी लोकमान्य नगरला राहते, इंदूरात. घरून डबे देते, सकाळचे आणि संध्याकाळचे मिळून तीस-पस्तीस, बहुतेक शिकायला आलेली मुलं. सगळा धंदा एका फोनवर चालतो. उद्या कोण जेवणार नाही, कोणाला पोळ्या दोन जास्त, कोणाचे पैसे बाकी, सगळं व्हॉट्सअॅपवर. तो फोन म्हणजे पोको एफ-वन, ६ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजवाला, २०१८ च्या डिसेंबरात माझ्या मावसभावाने घेतलेला. ज्यांना आठवत असेल त्यांना सांगायला नको, स्नॅपड्रॅगन ८४५ हा प्रोसेसर त्या वर्षी बऱ्याच महागड्या फोनमध्ये मिळायचा आणि हा ऑगस्ट २०१८ मध्ये भारतात २०,९९९ पासून सुरू झाला. ४००० एमएएचची बॅटरी, मेमरी कार्डची सोय, हेडफोनचं भोक. आजही तो हातात घेतला की अडखळत नाही, म्हणूनच मला तो भंगारात जाऊ द्यायचा नव्हता.

आधीचा इतिहास थोडक्यात. फोन आला तेव्हा अँड्रॉइड ८.१ होतं, मग कंपनीकडून, म्हणजे शाओमीकडून, ९ आलं, २०२० मध्ये १० आलं, अँड्रॉइडवरचं त्यांचं आवरण मीयूआय १२ आलं आणि तिथे अधिकृत अपडेट थांबले. भावाने मात्र फोन अँड्रॉइड ९ वर असतानाच बूटलोडर (फोन चालू करणारा प्रोग्राम, ज्याला कंपनीचं कुलूप असतं) अनलॉक केला होता आणि २०२० च्या सुरुवातीला अँड्रॉइड १० ची एक कस्टम रॉम, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकली होती. म्हणजे कंपनीचं अँड्रॉइड १० त्या फोनवर कधी आलंच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळं प्रकरण इथेच आहे. पुढे २०२१ मध्ये त्याने नवा फोन घेतला आणि हा मावशीला दिला, आणि तीन वर्षं कोणी त्याला हात लावला नाही.

जून २०२४. मावशीचं पैशाचं अॅप अपडेट झालं आणि उघडेना, तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही असा काहीतरी मेसेज. भाऊ पुण्याहून दोन दिवसांसाठी आला होता, त्याला वाटलं अँड्रॉइड जुनं आहे म्हणून असं होतंय, नवं टाकलं की झालं. त्याने कुठूनतरी अँड्रॉइड १४ ची रॉम उतरवली, संध्याकाळी टाकायला बसला, रिकव्हरीने, म्हणजे रॉम टाकायच्या वेगळ्या मेनूने, एरर दिला, त्याने काहीतरी जुगाड करून तो एरर घालवला, फोन सुरू झाला, होम स्क्रीन दिसली, रात्रीची बस होती म्हणून तो निघून गेला. मेमरी कार्डासाठी ट्रे बाहेर काढला होता त्यामुळे सिम त्याच्यासमोर चालतंय का हे बघितलंच गेलं नाही.

सकाळी साडेसहाला काकांच्या फोनवरून मावशीचा फोन. "अरे, त्या फोनला रेंजच येत नाहीये रे. सिम दोनदा काढून घातलं. मुलं विचारत असतील, आज किती डबे करू मला कळत नाहीये." त्या दिवशी तिने अंदाजाने केले आणि नऊ डबे उरले. मला पोहोचायला दुपार झाली आणि तोवर काका फोन घेऊन जेल रोडवर जाऊन आले होते. तिथल्या एका दुकानात सांगितलं, "नेटवर्क आयसी गया भिया, बोर्ड का काम है," साडेचार हजार लागतील, गॅरंटी नाही. मी दुकानदाराला दोष देत नाही, नेटवर्कची आयसी गेली की लक्षणं अशीच दिसतात आणि त्याला आदल्या रात्री काय झालं ते कोणी सांगितलंच नव्हतं. पण मला ते माहीत होतं, आणि जो फोन काल दुपारपर्यंत नीट बोलत होता आणि रॉम बदलल्याबरोबर मुका झाला त्याची आयसी नेमकी त्याच तासात जळली हे मला पटेना.

आधी नीट बघितलं. सेटिंग्जमध्ये बेसबँड (मोडेमचं, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाचं सॉफ्टवेअर) आवृत्ती: अज्ञात. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं तर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, रिकामा. वाय-फायचं बटन दाबलं की एक सेकंद सरकतं आणि परत मागे येतं. ब्लूटूथ तसंच. स्क्रीन, टच, कॅमेरा ठीक. आता इथे एक फरक सांगतो जो मला फार उपयोगी पडलाय. आयएमईआय नाही म्हणलं की लोक लगेच म्हणतात ईएफएस उडालं, आणि मग कुठूनतरी आयएमईआय लिहायची साधनं आणून फोनचं आणखी वाटोळं करतात. पण ईएफएस, म्हणजे फोनची स्वतःची ओळख ठेवणारे छोटे भाग, ते खराब झाले तर बहुतेकदा मोडेम जागा असतो, बेसबँडची आवृत्ती दिसते, फक्त आयएमईआय शून्य येतो. बेसबँडच अज्ञात म्हणजे मोडेम उठलाच नाहीये, आणि जो उठला नाही तो आयएमईआय कुठून सांगणार. त्यात नेटवर्क, वाय-फाय, ब्लूटूथ तिन्ही एका रात्रीत गेलेले. त्यामुळे माझा पहिला संशय फर्मवेअरवर गेला.

फर्मवेअर आणि रॉम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे सांगायलाच पाहिजे, कारण आपण बोलताना दोन्हीला "सॉफ्टवेअर" म्हणून मोकळे होतो. आपल्याला दिसतं ते अँड्रॉइड, ते सिस्टीम, व्हेंडर आणि बूट अशा भागांत असतं आणि कस्टम रॉम बदलते ती हेच. त्याच्या खाली मोडेम चालवणारं वेगळं सॉफ्टवेअर, ब्लूटूथचं वेगळं, आवाज आणि सेन्सर सांभाळणाऱ्या डीएसपीचं वेगळं, सुरक्षेचं ट्रस्टझोन, आणि फोन चालू करणारे एक्सबीएल आणि एबीएल हे बूटलोडर. क्वालकॉमच्या फोनमध्ये मोडेमच्या फाइलचं नावच नॉन-एचएलओएस असतं, म्हणजे मोठ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये न येणारं. हे सगळं मिळून फर्मवेअर, ते फक्त कंपनी बनवते आणि कंपनीच्याच अपडेटमधून येतं. एफ-वनसाठीच्या कस्टम रॉमच्या झिपमध्ये ते सहसा नसतं.

मावशीला मी असं समजावलं की बाथरूममध्ये नवे चकचकीत नळ आणि शॉवर बसवले पण भिंतीतली लाइन आजोबांच्या काळातली अर्ध्या इंचाची तशीच ठेवली, तर नर्मदेचं पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशीसुद्धा शॉवर टपकतच राहणार, त्यात नळाची चूक नाही. ती म्हणाली "म्हणजे वरवरचं बदललं त्याने." अगदी बरोबर.

पण संशय म्हणजे पुरावा नाही. मेमरी कार्डवर भावाने टाकलेलं झिप तसंच पडलेलं होतं. त्याला फोन करून मूळ झिप कुठून घेतलं ते विचारलं, मूळ उतरवलं आणि दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवली. आत मेटा-इन्फ नावाच्या फोल्डरमध्ये खोलवर अपडेटर-स्क्रिप्ट नावाची एक साधी मजकुराची फाइल असते, रिकव्हरी तीच वाचून ओळीओळीने काम करते. मूळ फाइलमध्ये सुरुवातीलाच एक ओळ होती, फोनवरचं फर्मवेअर अँड्रॉइड १० वरचं आहे का बघ, नसेल तर इथेच थांब. भावाच्या झिपमध्ये ती ओळ नव्हती. त्याने काढून टाकली होती. विचारलं तर म्हणाला, "अरे दादा, व्हिडिओत दाखवलं होतं, ती लाइन डिलीट केली की एरर जातो." एरर गेला हे खरं. बदललेलं झिप सहीच्या तपासणीत नापास व्हायला हवं होतं, पण त्या फोनवरच्या टीडब्ल्यूआरपी नावाच्या रिकव्हरीमध्ये ती तपासणी आपण स्वतः चालू केल्याशिवाय होत नाही.

मला याचं फार वाईट वाटतं, आणि भावावर राग नाही, ज्याने कोणी हा सल्ला पसरवला त्याच्यावर आहे. ती ओळ रॉम बनवणाऱ्याने आपल्याला त्रास द्यायला लिहिलेली नसते. त्याने स्वतःच्या फोनवर हेच भोगलेलं असतं आणि पुढच्या माणसाला भोगायला लागू नये म्हणून लिहिलेली असते. फोन सांगत होता की खाली अँड्रॉइड ९ च्या काळातलं फर्मवेअर आहे, त्याच्यावर १४ उभं राहणार नाही.

कारण कळलं, आता दुरुस्ती. दोन रस्ते होते. एक, फक्त फर्मवेअरचं छोटं झिप रिकव्हरीतून टाकायचं, पाच मिनिटांचं काम, डेटा राहतो. दोन, कंपनीची पूर्ण फास्टबूट रॉम, म्हणजे केबलने लॅपटॉपवरून टाकायची, टाकून फोन आधी जसा कारखान्यातून आला तसा करायचा, मग पुढचं बघायचं. पहिला रस्ता चालला असता असं मला आजही वाटतं. पण त्या फोनवर चार वर्षांत काय काय टाकलं गेलंय ते भावालाही नीट आठवत नव्हतं, वरची रॉम हाताने कापलेली, आणि मला एकदा सगळं कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालताना बघायचं होतं, कारण तिथे जर रेंज आली नाही तर मग खरंच बोर्ड, आणि दुकानदाराची माफी मागून साडेचार हजार द्यायचे. म्हणून दुसरा रस्ता.

त्याआधी डेटा. हा भाग कंटाळवाणा आहे पण माझी अर्धी संध्याकाळ यातच गेली आणि जायलाच हवी. फोन चालू होत होता आणि टच चालत होता ही मोठी कृपा, त्यामुळे रिकव्हरीच्या भानगडीत न पडता साध्या केबलने लॅपटॉपला जोडून फाइल ट्रान्सफर निवडलं आणि सगळं ओढून घेतलं. फोटो सोपे, डीसीआयएममध्ये. व्हॉट्सअॅप लोक विसरतात, अँड्रॉइड ११ पासून त्याचं फोल्डर वर मोकळं नसतं, अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअॅपच्या नावाचं फोल्डर असं आत असतं. त्यात डेटाबेसेस नावाच्या फोल्डरमध्ये रात्री दोनला आपोआप होणारे बॅकअप असतात. जुन्या रॉमवरचं फोल्डर मात्र वरच पडलेलं होतं, दोन्ही घेतली. सगळ्यात नवा बॅकअप रॉम बदलायच्या आदल्या रात्रीचा होता, म्हणजे मावशीचा हिशोब एका दिवसाच्या फरकाने सुरक्षित. हे ऐकून ती पहिल्यांदा खुर्चीवर बसली.

मग टीडब्ल्यूआरपीमध्ये जाऊन ईएफएस आणि पर्सिस्ट या दोन भागांचा बॅकअप कार्डवर आणि तिथून लॅपटॉपवर. हे दोन्ही प्रत्येक फोनचे स्वतःचे असतात, पर्सिस्टमध्ये सेन्सरची जुळवणी वगैरे असते, दुसऱ्या कोणाच्या फोनमधून आणून चालत नाहीत आणि आपल्या फोनची जुळवणी कंपनीच्या रॉममध्येही मिळत नाही. बाकी काहीही परत उतरवता येतं, हे येत नाही. कोणीही जुना फोन हातात घेतला तर अनलॉक झाल्याबरोबर पहिलं काम हे करा, रॉम कुठली टाकायची ते नंतर ठरवा.

फास्टबूट रॉम घेताना तीन गोष्टी बघितल्या. फोनचं सांकेतिक नाव, एफ-वनचं बेरिलियम, ते फाइलच्या नावात असलंच पाहिजे. आवृत्ती, व्ही१२.०.३.०, अँड्रॉइड १० वरची. आणि खाली जात नाही ना, कारण शाओमीच्या फोनमध्ये अँटी-रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाणं अडवणारी सोय, असतं, २०१८ मध्ये रेडमी नोट ५ प्रो वाल्यांनी नव्यावरून जुन्या मीयूआयवर जाऊन फोन पार मेलेले बघितलेत. आपण ९ वरून १० च्या फर्मवेअरला वर चाललो होतो म्हणून चिंता नव्हती, तरी फास्टबूटमधून अँटी-रोलबॅकचा आकडा विचारून घेतला. फाइल टीजीझेड असते, ती दोनदा उघडावी लागते, आणि फोल्डर सरळ सी ड्राइव्हवर छोट्या नावाने ठेवला, नावात मोकळी जागा असली तर मी-फ्लॅश, म्हणजे लॅपटॉपवरून रॉम टाकायचं शाओमीचं साधन, विनाकारण अडतं.

संध्याकाळी वादळ आलं. इंदूरात जूनमध्ये वारा सुटला की आधी लाइट जाते मग पाऊस येतो, म्हणून मी डेस्कटॉपवर हे काम करतच नाही, पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप आणि फोन ७० टक्क्यांच्या वर. हे अति वाटेल पण बूटलोडरचे भाग लिहिताना मध्ये तुटलं तर फोन ईडीएल नावाच्या आपत्कालीन अवस्थेत अडकतो आणि शाओमीच्या फोनमध्ये तिथून बाहेर काढायला कंपनीची परवानगी असलेलं खातं लागतं, तुमच्या-माझ्याकडे ते नसतं.

फास्टबूटमध्ये गेलो, केबल लावली, आणि फोनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात आलं, प्रेस एनी की टू शटडाउन. लॅपटॉपला फोन दिसेना. क्षणभर माझ्याही पोटात गोळा आला. पण ही ओळखीची अडचण आहे, या काळातले शाओमीचे फोन काही नव्या लॅपटॉपच्या, विशेषतः रायझन प्रोसेसरवाल्यांच्या, यूएसबी ३ पोर्टवर असं करतात, फोनचा दोष नसतो. मध्ये जुना यूएसबी २ चा हब लावायचा. घरी नव्हता, वरच्या मजल्यावरच्या डबेवाल्या मुलांपैकी एकाकडे निघाला, त्याने जेवण अर्धवट टाकून आणून दिला. हब लावला, फोन लगेच ओळखला गेला.

मी-फ्लॅश वापरणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. खाली उजवीकडे तीन पर्याय असतात आणि आपोआप निवडलेला असतो तो सगळं पुसून लॉक करा हा. तो बदलून फक्त सगळं पुसा करा. लॉक नंतर कधीही करता येतं, पण चुकीची रॉम किंवा दुसऱ्या देशाचा फोन असताना लॉक झालं तर फोन सुरू होत नाही आणि परत अनलॉक करायला सुरू झालेला फोन लागतो. मी दोनदा वाचून मग फ्लॅश दाबलं. सहा मिनिटं लागली, त्या सहा मिनिटांत मावशी, काका आणि तो वरचा मुलगा तिघंही उभे होते आणि कोणी बोललं नाही.

पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ लागतोच. भाषा निवडायचं पान आलं आणि वर उजव्या कोपऱ्यात दोन सिमच्या काड्या, दोन्ही भरलेल्या. मावशीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन कढी गरम करायला ठेवली.

पण काड्या दिसल्या म्हणजे झालं नाही. आयएमईआय दोन्ही दिसले, ते फोनच्या खोक्यावरच्या स्टिकरशी एकेक आकडा जुळवले. वाय-फाय, ब्लूटूथ, जीपीएस. मग स्टार-हॅश-स्टार-हॅश-६४८४ हा कोड उलट चिन्हांनी बंद करून तपासणीचा मेनू उघडला, त्यात एकेक भाग वेगळा तपासता येतो. सगळं पास, फक्त प्रॉक्सिमिटी सेन्सर नापास, म्हणजे फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते आणि काढला तरी काळीच. मला वाटलं पर्सिस्ट गेलं. बॅकअप परत टाकायच्या तयारीत होतो, तेवढ्यात काच उजेडात तिरकी धरून बघितली तर टेम्पर्ड ग्लासच्या वरच्या कडेखाली, नेमकं सेन्सरवर, कणकेचा पातळ थर वाळून बसलेला. तीन वर्षं पोळ्या लाटताना कानाला लावलेला फोन. ग्लास काढली, ओल्या मऊ फडक्याने पुसलं, सेन्सर पास. पर्सिस्टला हात लावला असता तर चांगलं असलेलं बिघडवलं असतं.

व्हॉट्सअॅपचं फोल्डर जागेवर ठेवून मगच अॅप टाकलं आणि नंबर घातला, बॅकअप सापडला म्हणाला. मावशीने पहिला मेसेज सगळ्यांना पाठवला, उद्यापासून नेहमीसारखे डबे.

आता खरा प्रश्न, पुढे काय. भावाचं म्हणणं, फर्मवेअर आता बरोबर आहे, टाक १४. काकांचं म्हणणं, चालतंय ना, मग हात लावू नकोस. मी मावशीला विचारलं, तुला या फोनकडून काय हवंय ते सांग. ती म्हणाली, "मला फोन आला-गेला पाहिजे, व्हॉट्सअॅप पाहिजे, आणि पैसे आले की कळलं पाहिजे. बाकी काही नको."

पैशाच्या अॅपचं आधी सांगतो कारण सुरुवात तिथूनच झाली होती. ते अॅप जुन्या अँड्रॉइडमुळे अडलंच नव्हतं. अशी अॅप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात की हा फोन मूळ स्थितीत आहे का, बूटलोडर अनलॉक असेल तर उत्तर नाही येतं, मग वर अँड्रॉइड १४ असो नाहीतर १५. हे चुकवायच्या युक्त्या मला माहीत आहेत आणि मी त्या मावशीच्या फोनवर वापरणार नव्हतो, आज चालतात, उद्या बंद होतात, आणि महिन्याच्या पाच तारखेला तिचे पैसे अडकले तर ती कोणाला हाक मारणार. कंपनीची रॉम ठेवून बूटलोडर लॉक केला असता तर अॅप उघडलं असतं, हे खरं. पण त्या रॉमचे सुरक्षा अपडेट थांबून वर्षं झालीत आणि मला बँकेचं काम अशा फोनवर नको होतं. म्हणून बँकेचं सिम काकांच्या नव्या फोनच्या दुसऱ्या खाचेत गेलं, तिथे अॅप नीट सुरू झालं, किराणा आणि गॅसचे पैसे काका तिथून देतात. आणि मावशीला पैसे आल्याचं कळायला स्वयंपाकघराच्या खिडकीत साउंडबॉक्स बसवला. मुलं क्यूआर स्कॅन करतात, तो डबा बोलतो, तिला हात पुसून फोन उचलायलाही लागत नाही. हे तिला सगळ्यात आवडलं.

एकदा बँक त्या फोनवरून उतरली म्हणल्यावर माझं मत भावाच्या बाजूला गेलं. रविवारी लिनिएजओएस २१ टाकलं, म्हणजे अँड्रॉइड १४, बेरिलियमसाठीची अधिकृत आवृत्ती. जुन्या लोकांना सायनोजेनमॉड आठवत असेल, २०१६ च्या डिसेंबरात ते बंद पडलं आणि त्याच्याच कोडवरून हे उभं राहिलं. त्यांचीच रिकव्हरी, डेटा फॉरमॅट, मग साइडलोड, म्हणजे केबलने लॅपटॉपवरून रॉम ढकलणं, आणि गूगलच्या अॅप्सचं झिप पहिल्यांदा सुरू व्हायच्या आधीच, नंतर टाकलं तर नाना एरर येतात. यावेळी झिपमधली कुठलीही ओळ कोणी काढली नाही, तरी काहीही न अडता आत गेलं. रूट केलं नाही, म्हणजे फोनचे पूर्ण अधिकार उघडले नाहीत, गरजच नव्हती. त्याच आठवड्यात बॅटरी बदलली, बीएम४ई नंबरची, जुनी किंचित फुगायला लागली होती आणि मागचं झाकण एका कडेने उचललं जात होतं, ते मला रॉमपेक्षा जास्त काळजीचं वाटलं.

एक गोष्ट भावाला मुद्दाम व्हिडिओ कॉलवर दाखवली. लिनिएजच्या सेटिंग्जमध्ये ट्रस्ट नावाचं पान आहे, तिथे सुरक्षा पॅचची माहिती दोन वेगळ्या ओळींत येते, एक प्लॅटफॉर्मची आणि एक व्हेंडरची. पहिली दर अपडेटला पुढे सरकते, दुसरी तिथेच आहे आणि तिथेच राहणार, कारण ते भाग फक्त कंपनीच दुरुस्त करू शकते आणि तिने या फोनचं काम संपवलंय. भाऊ बराच वेळ ते पान बघत होता. मग म्हणाला, "म्हणजे मी वरच्या ओळीच्या मागे लागलो होतो." मी हो म्हणलं, आणि हेही सांगितलं की म्हणूनच या फोनवर आता बँक नाही.

तेव्हापासून फोन रोज चालतोय. अपडेट आलं की मावशी स्वतः टाकते, रात्री डबे घासून झाल्यावर, चार्जरला लावून, वाय-फायवर. एकदा अपडेटनंतर तिने मला फोन केला, रेंज आहे पण व्हॉट्सअॅपचा आवाज येत नाही, तो फक्त डू नॉट डिस्टर्ब चालू झाला होता. मागच्या कव्हरच्या आतून मी एक चिठ्ठी चिकटवलीय, पेनाने लिहिलेली, पुढच्या वेळी जो कोणी हा फोन उघडेल त्याच्यासाठी: बेरिलियम, फर्मवेअर व्ही१२.०.३.०, ईएफएस आणि पर्सिस्टचा बॅकअप भाच्याच्या लॅपटॉपवर, काही टाकायच्या आधी त्याला फोन कर.